आधी ब्रेक, मग इंजिन

चिंचणीतल्या आमच्या एका मित्राला घरची जुनी काँटेसा ‘जोरदार’ करावयाची आहे, तीही थोडक्या पैशांत. १९८४ साली बाजारात आलेल्या या गाडीचा देह पैलवानाचा. इंजिन मात्र अँबॅसडरचेच, १४८९ सीसीचे, जेमतेम ५० अश्वशक्तीचे! मित्राची नजर एका अवजड परदेशी इंजिनावर आहे. माझे मत निराळे. मोडीतल्या काँटेसाचे १८०० सीसी इसुझू इंजिन गिअरबॉक्ससकट घ्यावे. कंपनीनेच पुढे ते याच गाडीत बसविले होते, कापाकापी कमी. उरलेला पैसा ब्रेक, रेडिएटर यांवर घालावा, आणि आरटीओची परवानगी आधीच काढावी. बोईसरच्या रस्त्यावर तारापूर एमआयडीसीचे टँकर काय थोडे आहेत? मित्राच्या वहीत ब्रेकचा खर्च अद्याप मांडलेलाच नाही. तोवर मी त्याच्या शेजारी बसणार नाही.