कॅनिंगचा आंबा कसाही चालतो?



मे सरत आला की पेटीचा आंबा थांबतो आणि उरलेला कॅनिंगला जातो. तिथे भाव डझनाचा नसतो, किलोचा असतो. “रसच काढायचा, मग आंबा कसाही चालेल,” असे पुष्कळांना वाटते. चूक इथेच होते.

परदेशी गिऱ्हाईक हापूसच्या रसाची गोडी मोजून घेते. कोवळ्या आंब्यात ती भरत नाही. गोठवलेला रस उणे १८ अंशांवर ठेवून बोटीने जातो. त्या थंडीत जंतू वाढत नाहीत, पण सगळे मरतही नाहीत. रस वितळला की पुन्हा जोर धरतात. थंडीने साका सुधारत नाही, की फवारणीचा अंश जात नाही. तपासणीत तो सापडला तर माल परत येऊ शकतो.

म्हणून शेवटच्या फवारणीची तारीख वहीत लिहा. औषधाच्या वेष्टनावर सांगितलेले दिवस गेल्यावरच तोडणी करा. आंबा झेल्याने देठासकट उतरवा, पडीचा वेगळा ठेवा.

एक नासकी फोड अख्खी बरणी घालवते, हे घरच्या बायांना सांगायला नको. परदेशी जाणारे रसाचे पिंपही तसेच आहे.