टबाचा कठडा कोण ओलांडणार?

बेळगावच्या आमच्या जुन्या घरातलं न्हाणीघर नवं करायचं ठरलं. कंत्राटदारानं रंगीत चित्र दाखवलं: टब, आणि त्याच्यावरच शॉवर. जागा वाचते म्हणे. मुलगा खूश, हे खूश. मी विचारलं, "कठडा केवढा उंच?"

"दीड फूट असेल, वहिनी."

म्हणजे टबात डुंबायचं वर्षातून चार दिवस, आणि रोजच्या साध्या अंघोळीसाठी ऐंशीच्या सासूबाईंनी दुखरे गुडघे सांभाळत तो कठडा ओलांडून ओल्या, गुळगुळीत टबात पाय टाकायचा! पडल्या तर उचलणार कोण? टब रोज घासणार कोण? ते मात्र चित्रात नव्हतं.

पाण्याचं तर बोलायलाच नको. टब भरायला दीडशे लिटरच्या आसपास पाणी लागतं. आपली अंघोळ एका बादलीत, पंधरा-वीस लिटरांत होते. उन्हाळ्यात राकसकोप तळाला गेलं की नळाची वाट बघणारं आपलं गाव. त्यात हा थाट? विनाकारण पाणी सांडणं हा आपल्याकडे अनर्थदंड सांगितलाय. प्रवचनात माना डोलवायच्या, पाणी गाळून प्यायचं, आणि घरी टब भरायचा?

शॉवर हवा तर खुशाल घ्या. पण उंबरा नसलेल्या, खडबडीत फरशीवर, नीट उतार काढून. भिंतीला धरायला स्टीलची दांडी, बसायला कट्टा, शेजारी बादली. बायांनो, कंत्राटदाराच्या हातात विसार पडण्याआधी बोला. फरशी बसल्यावर आपलं कुणी ऐकत नाही.