वृषभावतीचे विष आणि भाताची खाचरे

बेंगळुरूच्या बसवनगुडी भागात उगम पावणारी वृषभावती शहराचे मैलापाणी व पीण्या औद्योगिक वसाहतीचे सांडपाणी पोटात घेऊन बिडदीजवळच्या बैरमंगल तलावात उतरते. तेथून तेच पाणी कालव्यांनी शेतात जाते. या खोऱ्यातील पाण्यात, मातीत व पिकांत शिसे, क्रोमियम, निकेल, कॅडमियम यांसारखे जड धातू असल्याचे संशोधकांनी वारंवार नोंदवले आहे.

शहराच्या दुसऱ्या टोकाचा बेळ्ळंदूर तलाव २०१५, २०१७ व २०१८ साली पेटला तेव्हा साऱ्या देशाने ते पाहिले. खाचरातील कॅडमियमला मात्र ना फेस येतो, ना ज्वाला. खाचरात पाणी साचलेले असते तोवर तो गंधकाशी बांधला जाऊन बराचसा मातीतच राहतो. कापणीपूर्वी पाणी काढले की मोकळा होतो आणि ऐन दाणा भरताना मुळांवाटे वर चढतो. दाणा दिसायला निरोगीच असतो. मैलापाणी शुद्धीकरण केंद्रे मुख्यतः सेंद्रिय घाणीसाठी बांधलेली. तेथे धातू नष्ट होत नाही, फार तर गाळात बसतो.

जपानमध्ये जिंझू नदीकाठच्या भातशेतीत मित्सुई कंपनीच्या खाणीतून असाच कॅडमियम आला. माणसांची हाडे ठिसूळ झाली. १९७१ साली पीडितांनी न्यायालयात कंपनीला हरवले. जमिनीची दुरुस्ती मात्र २०१२ पर्यंत चालली.

आपल्याकडे जलप्रदूषण कायदा १९७४ चा. केंद्र सरकारने २०२४ मध्ये त्यातील अनेक गुन्ह्यांचा तुरुंगवास काढून १० हजार ते १५ लाख रुपयांचा दंड ठेवला. मोठ्या मालकाच्या लेखी ही धंद्याच्या खर्चातील एक किरकोळ बाब! उलट, सांडपाण्यावर पीक घेतो म्हणून बोल लागतो तो शेतकऱ्याला, जणू ते पाणी त्याने हौसेने निवडले आहे.

कामगाराला शेतकऱ्याविरुद्ध उभे करण्याचा डावही ओळखला पाहिजे. मुलामा देण्याच्या कारखान्यांत क्रोमियमची वाफ प्रथम कामगाराच्याच छातीत जाते. शेतकऱ्याचा तांदूळ तोच खातो. म्हणून, कारखाना बंद करून मजुरी बुडवणे हा उपाय नव्हे. धातू कारखान्याच्या दारातच अडवला पाहिजे. लहान कारखान्यांसाठी सरकारने सामायिक शुद्धीकरण केंद्रे उभारावीत, मोठ्यांनी स्वखर्चाने. गावोगावच्या मातीची व धान्याची तपासणी होऊन निष्कर्ष कन्नडमध्ये ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावेत, आणि नापीक ठरणाऱ्या प्रत्येक एकराची भरपाई प्रदूषण करणाऱ्यांकडून वसूल व्हावी.