झाडे अनेक, गव्हाण एक



जर्मनीत काही कुटुंबे नाताळात खोलीगणिक निराळे झाड सजवितात: एक खेळण्यांचे, एक पक्ष्यांचे, एक गवती चांदण्यांचे. ही निव्वळ हौस असे आपण समजू नये. नाताळचे झाड मुळी एका कथेतूनच उपजले, असे अभ्यासक मानतात. 24 डिसेंबर हा आदाम व एवा यांचा स्मरणदिन. त्या दिवशीच्या धार्मिक नाटकात मध्ययुगीन जर्मन लोक हिरव्या झाडाला सफरचंदे टांगीत. पुढे ते झाड घरात आले व सफरचंदांशेजारी परमप्रसादाची खूण म्हणून पातळ भाकऱ्या लटकू लागल्या. पतन आणि तारण एकाच फांदीवर!

तेव्हा झाडे कितीही असोत. 'हे येथे का टांगले?' असे मुलाने विचारताच आईबापांस उत्तर देता यावे.

गतवर्षी आमच्याच निवासात झाडाला जागा करण्यासाठी मी गव्हाण कोपऱ्यात सारली. एका बालकाने विचारले, "फादर, बाळ येशू कुठे आहे?" मी खजील झालो. 1223 साली ग्रेच्चो गावी संत फ्रान्सिसला गव्हाणीसाठी बैल, गाढव व गवत एवढेच पुरले होते.

यंदा आमची गव्हाण मध्यभागी आहे. आपली कोठे आहे?