‘सर्व्हर डाऊन’ म्हणजे नेमके काय?

रेशन दुकान असो, तलाठी कार्यालय असो की सेतू केंद्र. खानदेशात हेलपाट्याचे हल्ली एकच कारण ऐकू येते : ‘सर्व्हर डाऊन शे.’ यावलला तेच, साक्रीलाही तेच. ऐकणारा मुकाट्याने माघारी फिरतो, कारण या उत्तरापुढे काय बोलायचे हे त्याला ठाऊक नसते.

सर्व्हर म्हणजे मागितलेली माहिती पुरवणारा, बहुधा दूरच्या शहरातला संगणक. रेशनच्या पॉस मशीनवर अंगठा ठेवला की तो ठसा मोबाइल टॉवर आणि जमिनीखालची फायबर ओलांडत तिथवर जातो, आधारच्या नोंदीशी पडताळला जातो आणि उत्तर परत येते. मशीनच्या सिमला रेंज नसेल, खोदकामात फायबर तुटली असेल, वीज जाऊन टॉवर बंद पडला असेल, किंवा कापूस वेचून झिजलेल्या बोटाच्या रेषाच जुळत नसतील, तरी सांगितले जाते ते हेच दोन शब्द. यातल्या एकाही प्रसंगी सर्व्हर डाऊन नसतो! पारख सोपी आहे. त्याच वेळी धुळे शहरात अंगठे लागत असतील आणि साक्रीच्या पाड्यावर लागत नसतील, तर सर्व्हर चालू आहे. तिथवरची वाट तुटली आहे.

हा शब्दांचा कीस नव्हे. प्रत्येक बिघाडाचा धनी वेगळा : कुठे मोबाइल कंपनी, कुठे रस्त्याचा ठेकेदार, कुठे वीज वितरण, कुठे पुरवठा खाते. ‘सर्व्हर डाऊन’ म्हटले की सगळेच सुटतात आणि भुर्दंड पडतो रोज बुडवून आलेल्या बाईला. महाराष्ट्रात लोकसेवा हक्क कायदा 2015 पासून आहे. अधिसूचित सेवा मुदतीत मिळणे हा त्याने दिलेला हक्क आहे. हक्काचे धान्य न मिळाल्यास भत्ता देण्याची तरतूद 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यात आहे. पण रिकाम्या हाताने परतलेल्या माणसाची नोंदच कुठे होत नसेल, तर हे हक्क त्याने मागायचे कशाच्या आधारावर?

जळगाव आणि धुळ्याच्या जिल्हा प्रशासनांनी प्रत्येक खिडकीवर फळा लावायला लावावा : बिघाड कशात, केव्हापासून, तक्रार कोणाकडे नोंदवली. परत पाठवलेल्या प्रत्येकाला तारीख-वेळेची चिठ्ठी द्यावी आणि बिघाडाचे दिवस अर्जाच्या मुदतीत वाढवून द्यावेत. तोवर वाचकहो, माघारी फिरण्याआधी एवढे विचाराच : बंद नेमके काय आहे, आणि तक्रार क्रमांक काय?