कच्चं लिंबू

हॉस्टेलमध्ये काही शिव्या शिव्या वाटतच नाहीत. 'कच्चं लिंबू' ही त्यातलीच एक. मेसमधली भाजी तिखट लागली, की कच्चं लिंबू. सबमिशनच्या आदल्या रात्री दोनला झोप आली, की कच्चं लिंबू. मीही ही शिवी भरपूर वापरलीय. पण गेल्या एप्रिलमध्ये अनकाई-टंकाईला जाऊन आल्यापासून ती तोंडात येता येता अडते.

मनमाडपासून दहा-अकरा किलोमीटरवरचे हे जोडकिल्ले. पीएल सुरू व्हायच्या आधीचा शेवटचा रविवार म्हणून आम्ही सहा जण निघालो. प्लॅन पहाटेचा होता. पण हॉस्टेलचा प्लॅन तो, पायथ्याच्या गावात पोचायलाच साडेदहा वाजले. माणशी एक लिटरची बाटली, मधे वेफर्सची पाकिटं आणि अंगात प्रचंड उत्साह!

जैन लेणी पाहिली, खिंडीत आलो आणि अनकाईच्या कातळातल्या पायऱ्या चढू लागलो. हा सगळा डोंगर लाव्हाच्या थरांचा, म्हणजे काळा बेसॉल्ट. हात टेकवला तर चटका बसत होता. दरवाजे ओलांडून वर आलो, तर समोर टेबलासारखं सपाट पठार! नजर पोचेल तिथपर्यंत वाळलेलं गवत, सावली म्हणून नाही. पावसाळ्यातल्या फोटोत हिरवागार दिसणारा तोच हा गड, यावर विश्वास बसेना.

माझा रूमपार्टनर पायऱ्यांपासूनच मागे पडत होता. आम्ही काय केलं? जे आपण सगळेच करतो तेच. "अरे पाय उचल, आजोबा झालास काय?" तो हसायचा आणि चालायचा. पठारावर त्याचं हसणं बंद झालं. डोकं दुखतंय म्हणाला, मग ओकला. बाटली केव्हाच रिकामी झाली होती.

अगस्ती ऋषींच्या गुहेपर्यंत त्याला दोघांनी धरून नेलं. दर्शनाला आलेले गावातले एक आजोबा तिथं सावलीत बसले होते. त्यांनी आपला पाण्याचा कॅन पुढे केला, पंचा ओला करून त्याच्या मानेवर ठेवला आणि आमच्याकडे बघून एवढंच म्हणाले, "या टायमाला आम्ही ढोरं बी रानात सोडत नाही, पोरांनो." तास-दीड तासानं गडी माणसात आला. ऊन उतरल्यावर आम्ही खाली उतरलो. वाडा, तळं, पठाराचं दुसरं टोक, सगळं बघायचं राहिलं.

रात्री मी त्याला विचारलं, "आधी का नाही बोललास रे?" तो म्हणाला, "तुम्ही मला कच्चं लिंबू म्हटलं असतं."

मित्रहो, मला बोलायचंय ते यावर. आपण इंजिनिअर होणार. बीम डिझाइन करताना फॅक्टर ऑफ सेफ्टी घेतो, आणि स्वतःच्या मित्राला मात्र तुटेपर्यंत लोड देतो. गणित तर फर्स्ट इयरचं आहे. स्नायूंची कार्यक्षमता जेमतेम 20 ते 25 टक्के, बाकीच्या ऊर्जेची उष्णता होते. बाहेरची हवा अंगापेक्षा गरम झाली की ही उष्णता बाहेर टाकायला घाम हा एकच मार्ग उरतो. उन्हात चढताना तासाला लिटरभर घाम सहज जातो. आमचा दिवस सहा-सात तासांचा आणि पाणी एक लिटर! हा हिशोब सहापैकी एकानंही केला नव्हता. आणि ज्याच्या शरीरानं तो करून दाखवला, त्याची आम्ही टिंगल केली.

डोकेदुखी आणि उलटी हा इशारा असतो. पुढची पायरी उष्माघाताची. शरीराचं तापमान 40 अंशांच्या वर जातं, माणूस असंबद्ध बोलू लागतो, शुद्ध हरपते. तिथं तास-दीड तास वाट बघायची सोय नसते. अंग भिजवायचं, वारा घालायचा आणि त्याच वेळी 108 ला फोन लावायचा. आम्ही त्या पायरीच्या किती जवळ होतो, हे आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

उन्हाळ्यात गडावर जाऊच नका, असं मी म्हणत नाही. उजाडताना चढा, दहाच्या आत सावली गाठा, माणशी चार लिटर पाणी न्या, मीठ-साखर न्या. पण त्याहून महत्त्वाचा एक नियम आमच्या ग्रुपनं आता केलाय. सगळ्यात मागचा जो असेल, त्याच्या चालीनं सगळ्यांनी चालायचं. आणि 'थांबू या' म्हणायचा हक्क प्रत्येकाला. कारण विचारायचं नाही, हसायचं नाही, थांबायचं.

हा नियम फक्त डोंगरापुरता नाही. केटी लागलेला, घरची काळजी असलेला, रात्र रात्र जागणारा एखादा आपल्या विंगमध्येही मागे पडत असतो. तोही हसतो आणि चालत राहतो. त्यानं 'थांबू या' म्हणावं, इतकी जागा आपण ठेवतो का?

दिवाळीनंतर आम्ही पुन्हा अनकाईला जाणार आहोत. राहिलेलं दुसरं टोक बघायचंय. सगळ्यात पुढे माझा रूमपार्टनर असेल. सरबताची लिंबं आणायचं काम मात्र मी माझ्याकडे घेतलंय.