राजाची उडी

वृद्ध व्यक्तीच्या एखाद्या वागण्याला विस्मरण म्हणावे की जुनी रीत, हा प्रश्न तिची काळजी घेणाऱ्यांना वारंवार पडतो. उत्तर घाईने दिले तर दोन्हीकडून हानी होते. जुन्या रीतीला आजार ठरवले तर माणसाचा मान दुखावतो, आणि आजाराला जुनी रीत समजून सोडून दिले तर उपचाराची वेळ हुकते. या पेचाचे एक बोलके उदाहरण बुद्धिबळाच्या पटावर सापडते.

नाशिक हे ग्रँडमास्टर विदित गुजराथी यांचे गाव. 2024 मध्ये बुडापेस्ट येथील ऑलिंपियाडमध्ये सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय संघात ते होते. बुद्धिबळाच्या शिकवणीला जाणारी मुले आज अनेक घरांत दिसतात, आणि सुट्टीत ती आजोबांसमोर पट मांडतात. डाव रंगतो आणि आजोबा आपला राजा अडीच घरे उडवून भलत्याच जागी नेऊन ठेवतात. नातू म्हणतो, ‘‘आजोबा, हा राजा आहे, घोडा नाही.’’ घरातील मोठी माणसे मनात दचकतात. शंका निराधार नसते. आयुष्यभर खेळलेल्या खेळाचे नियम न आठवणे हे स्मृतिभ्रंशाच्या प्रारंभिक लक्षणांत गणले जाते.

परंतु ही उडी विस्मरणातून आलेली नसू शकते. आपल्याकडे पूर्वी खेळल्या जाणाऱ्या देशी बुद्धिबळात राजाला संपूर्ण डावात एकदा घोड्याची चाल चालण्याची मुभा होती. प्यादे साधारणपणे पहिल्या चालीतही एकच घर पुढे जाई. ते शेवटच्या रांगेत पोहोचले की ज्या मोहऱ्याच्या घरात पोहोचले तोच मोहरा होई. हवा तेव्हा वजीर मागता येत नसे. 1951 मध्ये अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ स्थापन झाला आणि पुढे स्पर्धांतून आंतरराष्ट्रीय नियम रुळले. घरांत, ओट्यांवर आणि पारांवर मात्र जुनी रीत दीर्घकाळ टिकून राहिली.

ही रीतही सर्वत्र एकसारखी नव्हती. राजाला एकदा शह बसला की उडीचा हक्क जातो, असे पुष्कळ ठिकाणी मानत. मग प्रश्न उभे राहतात. शह बसला असतानाच त्यातून सुटण्यासाठी उडी मारता येईल काय? उडी मारताना समोरचा मोहरा मारता येईल काय? ‘राजा एकदा घोड्यासारखा उडतो’ एवढ्या वाक्यात यांची उत्तरे नाहीत. ती प्रत्येक गावाने, प्रत्येक बैठकीने आपापली ठरवली.

आजच्या तरुण पिढीला हा पेच नवा नाही. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 1974 मध्ये प्रसिद्ध केलेला कल्पनारम्य खेळ. त्यात प्रत्येक खेळाडू एक पात्र घेतो आणि त्या पात्राला विशेष शक्ती मिळतात. चोरकलेत निपुण पात्राचा अवचित वार ‘एका पाळीत एकदा’ करता येतो, असे नियम सांगतो. वाचणाऱ्याला वाटते, फेरीत एकदा. पण सर्वांची एकेक पाळी झाली की एक फेरी होते. म्हणून दुसऱ्याच्या पाळीत प्रत्युत्तराची संधी मिळाली तर तो वार पुन्हा करता येतो. एका शब्दाने अर्थ पालटतो. अशा वेळी जाणते खेळाडू तीन गोष्टी पाहतात: नियमात शब्द कोणते आहेत, नियम करणाऱ्याचा हेतू काय असावा, आणि कोणत्या अर्थाने सर्वांना खेळाचा आनंद मिळेल. विशेष नियम सामान्य नियमाला बाजूला सारतो, हे तत्त्वही ते पाळतात. आपल्या व्याकरणातील उत्सर्ग आणि अपवाद तो हाच. तरीही उलगडा झाला नाही, तर खेळ चालवणारा निर्णय देतो आणि तो पुढेही सर्वांना सारखा लागू होतो.

या शेवटच्या वाक्यातच काळजी घेणाऱ्यांसाठी कसोटी दडलेली आहे. नियम वेगळा असला तरी तो स्थिर आहे काय, हे पाहावे. ‘‘चुकलात’’ असे म्हणण्याऐवजी ‘‘तुमच्याकडे ही उडी कशी चालत असे?’’ असे विचारावे. आजोबा अट सांगतात, तीच अट पुढच्या डावातही पाळतात, नातवाच्या राजालाही तीच मुभा देतात आणि एकदा उडी झाल्यावर दुसरी मागत नाहीत, तर ती स्मृतीची उणीव नव्हे. उलट जुन्या ज्ञानाचा तो पुरावाच होय.

याउलट एकाच डावात नियम पुन्हा पुन्हा बदलत असेल, पाळी कोणाची हे सतत विसरले जात असेल, ओळखीचे मोहरे अनोळखी वाटत असतील, आणि त्याबरोबर पैशांचे व्यवहार, रोजचा रस्ता किंवा औषधांच्या वेळा यांतही गोंधळ वाढत असेल, तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. निदान घरी ठरवू नये. दृष्टी किंवा ऐकणे कमी होणे, नैराश्य, थायरॉइडचे विकार, बी-12 जीवनसत्त्वाची कमतरता, काही औषधांचे परिणाम यांमुळेही असे घडते, आणि यांपैकी अनेकांवर उपाय आहेत. गोंधळ काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत अचानक उद्भवला असेल, तर मात्र विलंब न करता रुग्णालय गाठावे. जंतुसंसर्गासारखे कारण त्यामागे असू शकते. भेटीच्या वेळी ‘विसरतात’ एवढेच न सांगता काय घडले, केव्हा आणि कितीदा, याची लेखी नोंद न्यावी. ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय मदतवाहिनी 14567 ही आहे.

घरातील खेळासाठी एक छोटी वही ठेवावी. डाव सुरू होण्यापूर्वी देशी की आंतरराष्ट्रीय नियम हे ठरवावे, आणि वाद झाला तर दिलेला निर्णय तारखेसह लिहावा. वही नातवाने लिहावी आणि मजकूर आजोबांनी सांगावा. त्यातून वाद मिटतात, विस्मृतीत जाणारी एक खेळपद्धती कागदावर उतरते, आणि महिन्यामहिन्यांच्या नोंदींतून आजोबांचे सांगणे पूर्वीइतकेच स्पष्ट आहे की नाही, हेही त्यांना परीक्षेला न बसवता कळत राहते.